तांदळातलं नाव

“या दोघी एकच आहेत हो. जोडा ना त्यांना,” काउंटर घट्ट धरून आजी पुन्हा म्हणाल्या.

वाचनालयाच्या संगणकात मात्र लेखिका दोन होत्या. कवितासंग्रहाच्या वेणू ठोसर आणि पाककृतींच्या पुस्तकांच्या इंदिरा गद्रे. पुराव्याशिवाय दोन नावं एका व्यक्तीखाली आणायची नाहीत, असा नियम होता. ग्रंथपाल तृप्तीने तो समजावून सांगितला.

“लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘इंदिरा’ लिहिलं. ते तांदूळ कधीच शिजले. आता पुरावा कुठून आणू? डॉक्टर म्हणतात, आठवण चाललीय माझी. त्यात वेणूच आधी चाललीय.”

तृप्तीला राहवेना. तिने कपाटातून तो कवितासंग्रह शोधून आणला. मागच्या पानावर दोन वेण्यांची मुलगी होती, हनुवटीवर आजींच्यासारखाच ठसठशीत तीळ. पुस्तक आजींच्या हाती देऊन तिने भराभर दोन्ही नावं जोडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

“झालं, आजी. आता इंदिरा शोधली तरी वेणू सापडेल.”

आजींनी वर पाहिलंच नाही. पहिल्या कवितेवरून बोट फिरवत त्या हळूच म्हणाल्या, “किती सुरेख लिहिलंय. कोण हो ही?”