आधी गुणाकार

“अठरा,” कांताबाई म्हणाल्या.

समोरच्या मुलीने कागदावर काहीच लिहिलं नाही. तिने टेबलावरचा छोटा कॅल्क्युलेटर जवळ ओढला आणि गणितात जसे आकडे होते तशीच बटणं दाबली. आठ अधिक दोन गुणिले पाच. कॅल्क्युलेटरवर पन्नास आले.

“आंटीजी, एक बार और सोच लो. टेंशन नहीं लेना.”

“सोचायचं काय त्यात? आधी गुणाकार, मग बेरीज. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंचेभागुबेव. बत्तीस वर्षं शिकवलंय मी हे, बेटा.”

मुलगी गोड हसली. विजय नगरच्या त्या दवाखान्यात स्मरणशक्ती तपासायला येणाऱ्या प्रत्येकाने काही ना काही बत्तीस वर्षं केलेलंच असतं.

परीक्षेची अट कांताबाईंनी स्वतःच घातली होती. पास झाले तर नंदानगरच्या माझ्या घरात मी एकटी राहीन. नापास झाले तर चाव्या तुझ्या हातात देईन आणि तू म्हणशील त्या वृद्धाश्रमात जाईन. मुलगा, ज्ञानदीप, लगेच हो म्हणाला होता. घर मागत असलेल्या बिल्डरचं नाव त्याने काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

तसं गेल्या चार महिन्यांत बरंच काही झालं होतं. दर रविवारी मुलगा-सून भेटायला येत आणि दर रविवारी त्यांना काहीतरी सापडे. आई, गॅस चालूच होता. आई, नळ उघडा टाकून तू विहारात निघून गेलीस. आई, पोह्यांत मीठ दोनदा पडलंय. कांताबाईंना यातलं काहीच आठवत नसे. पण न आठवणं हाच तर आजार आहे ना आई, असं सून निवेदिता फार समजुतीने म्हणाली होती. तेव्हापासून त्या सकाळी चहा करताना मोठ्याने म्हणायच्या, आधी पातेलं, मग पाणी, मग गॅस. पाढे म्हणावेत तसं.

“सर, आप तो इंजीनियर हो ना?” मुलीने कागद ज्ञानदीपपुढे सरकवला. “आप ही देख लो.”

ज्ञानदीपने कागद हातात घेतला. कांताबाईंचा जीव भांड्यात पडला. या एका गणितात तो चुकणं शक्यच नव्हतं. सहावीत तो त्यांच्याच वर्गात होता. वार्षिक परीक्षेत त्याने आधी बेरीज केली, मग गुणाकार, आणि एक मार्क गेला. चौतीस झाले. हेडमास्तर म्हणाले, बाई, घरचंच लेकरू आहे, एक मार्क ग्रेसचा देऊन टाका. त्या म्हणाल्या, घरचं आहे म्हणूनच नाही देणार. पोरगं वर्षभर आपल्याहून लहान पोरांच्या बाकावर बसलं. पुढे गणितात मात्र तो कुठे अडला नाही. ही गोष्ट कांताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. तो खोलीत असला तरी सांगत.

एवढंसं गणित, पण ज्ञानदीप ते बराच वेळ बघत राहिला.

“फिफ्टी,” तो म्हणाला.

कांताबाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. कॅल्क्युलेटरवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. मुलावर होता. त्यांचे ओठ हलले. कं, चे, भा. पुढे गु येतो की बे, तेच कळेना. झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, तेच आज सापडत नव्हतं. म्हणजे गॅसचं खरं होतं. नळाचंही.

मुलीने खाली मार्कांची बेरीज केली. “तेईस हुए, आंटीजी. चौबीस चाहिए थे. एक ही नंबर की तो बात है. दे दूँ?”

ज्ञानदीपने मान वर केली.

“नको गं,” कांताबाई म्हणाल्या. “ग्रेस मी कधी कुणाला दिला नाही. आता स्वतः कुठल्या तोंडाने घेऊ?”

त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि मुलाच्या तळहातावर ठेवला. त्याने तो खिशात टाकला.

परतताना शाळेतून नातीला घेतलं. संबोधी मागच्या सीटवर आजीला खेटून बसली आणि तिने वही काढली. सिग्नल लाल होता. ज्ञानदीप फोनवर बोलत होता. “हाँ भिया, हो गया. कल आके मकान देख लो.” आवाजावरून खूश वाटत होता. कांताबाई डोळे मिटून होत्या.

“पप्पा,” संबोधी म्हणाली, “सात अधिक तीन गुणिले चार. मेरा तो चाळीस आलं.”

“एकोणीस,” फोन ठेवता ठेवता ज्ञानदीप म्हणाला. “पहले गुणा, बेटा, मग बेरीज. कितनी बार सांगायचं तुला?”

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागे हॉर्न वाजू लागले. ज्ञानदीपने हळूच आरशात पाहिलं. आईचे डोळे उघडे होते. पेपर वाटताना ती वर्गाकडे बघायची, तसे.

“बरोबर,” कांताबाई म्हणाल्या. “घे. तुझा तो राहिलेला एक मार्क.”