उजवा पाय पुढे

तिसरी लाटही हातची गेली. ती सर्फिंगच्या फळीवर पालथी झाली आणि दोन्ही हातांनी पाणी कापत पुन्हा आत निघाली.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. काळी वाळू, रस्त्याच्या कडेला तिची गाडी, आणि शेडच्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या काकू. लोकांच्या फळ्या त्या सांभाळत. सकाळी तिने बाबांच्या पाकिटातला नंबराचा बिल्ला दाखवला. "ते गेले. दोन महिने झाले," एवढंच सांगितलं. काकूंनी फळी काढून दिली.

बाबा निवृत्तीनंतर पोहायला शिकले, मग तिच्यासारखीच फळी घेतली. असं ते फोनवर सांगायचे. वर्षभर दर रविवारी फोन.

"आज तीन लाटा मिळाल्या."

"हाडं मोडून घ्याल, बाबा."

"मग शिकवायला ये ना. पुढच्या रविवारी?"

"बघते."

एकदा विचारलं होतं, "तू कुठला पाय पुढे ठेवतेस गं?"

"उजवा."

"वा! माझ्यासारखाच."

फेसाळ पाण्यात ती आता सहज उभी राहायची. न फुटलेली लाट मात्र दहात तीनदा साधायची. आज तशी एकच हवी होती. बाबांच्या फळीवर, बाबांच्या पाण्यात. तेवढं झालं की फळी काकूंना देऊन टाकायची आणि इथे पुन्हा यायचं नाही, हे तिने गाडीतच ठरवलं होतं.

फळीवर एक ओरखडा नव्हता. बाबांचं सगळंच असं. छत्रीसुद्धा वीस वर्षं नवीच्या नवी. घोट्याला बांधायची दोरी अजून ताठ होती. फळीवर पांढऱ्या रंगात दोन पावलं काढलेली, उजवं पुढे. वाळूत उभी राहून तिने त्यांवर पाय ठेवून पाहिले होते. अगदी मापात. पोरगी नखशिखांत बापावर गेलीय, असं आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं.

मागे पाणी फुगलं. ती जीव खाऊन हात मारू लागली. फळी उचलली गेली, सुटली, आणि ती उभी होती. उजवा पाय पुढे, पांढऱ्या पावलावर. लाट तिच्या शेजारून न फुटता सरकत राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती मोठ्याने हसली. ऐकायला कुणी नव्हतं.

फळी नळाखाली धुऊन तिने ओट्याला टेकवली.

"ही तुम्हीच ठेवा, काकू. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

काकू तिच्या ओल्या पायांकडे बघत राहिल्या.

"मग ठेवा कसली? तुमचीच आहे ती. तुमची जुनी चप्पल आणली होती त्यांनी. याच ओट्यावर बसून, तिच्याभोवती रेघ ओढून रंगवले हे पाय."

"पण ते स्वतः... त्यांच्या लाटा?"

"ते? पाण्यात? अहो, त्यांना पोहता कुठे येत होतं? दर रविवारी फळी वाळूत ठेवायचे आणि समुद्राकडे पाठ करून बसायचे. रस्त्याकडे बघत."