विदेशी रस्ता

गावाहून इचोड्याला जाणाऱ्या घाटरस्त्यावर गिट्टी अंथरून कंत्राटदार जो गायब झाला, तो थेट काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागायलाच उगवला. सरपंच सुनयनाताईंनी डांबराचं विचारताच त्यानं मोबाइल पुढे धरला. आल्प्सच्या डोंगरात गोरी माणसं गिट्टीवरून सायकली दामटत होती.

"पाहा ताई, तिकडं लोक पैसे भरून असल्या रस्त्यानं फिरून राह्यले. अन् तुमाले डांबर काऊन पायजे?"

ताईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, त्याला चहा पाजला आणि सही न करताच त्याला अंगणापर्यंत सोडायला आल्या. त्याच्या जीपच्या जागी शेजारच्या पंढरीकाकांची जुनी सायकल उभी होती.

 

"तुमची जीप डायवरसंग इचोड्याले धाडली, भाऊ. तुमी जा या सायकलनं. आमी पैसेबी घेत नाही."