लांबचं विद्यापीठ

दोन्ही विद्यापीठांची पत्रं टेबलावर पडली होती आणि मास्तर सकाळपासून लांबच्या विद्यापीठाची बाजू घेत होते.

"तिथली प्रयोगशाळा नवी आहे. वसतिगृह आवारातच. चार वर्षं कशी जातील, कळणारही नाही."

"पण इथलं काय वाईट आहे?" लेकीने विचारलं. "चालत वीस मिनिटं. वर्कशॉपमध्ये तुम्ही आहातच. मला लेथ मशीन चालवायला तुमच्याकडूनच शिकायचंय."

"घरचा मास्तर सोडून पोरीला परगावी धाडतोय," आत्या मटार सोलता सोलता म्हणाली. "जगावेगळा बाप."

सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे. हे नाव कुणी पाडलं, ते कुणाला आठवत नव्हतं. सकाळी सातला ते इस्त्रीचा शर्ट घालून जवळच्या विद्यापीठाच्या वर्कशॉपला निघत आणि संध्याकाळी तोच शर्ट घालून परत येत. "दिवसभर यंत्रांत असतो आणि कॉलरला तेलाचा थेंब नाही," असं आत्या म्हणायची. "तिथे खाकी घालतो," एवढंच ते सांगत.

"बापाच्या वर्कशॉपात शिकलं की लोक बोलतात," मास्तर म्हणाले. "मार्क हिने मिळवले की बापाने मिळवून दिले? जन्मभर चिकटतं ते."

"बोलू देत."

मास्तरांनी पत्रं उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. आई गेल्यापासून पोरीने कशाचा हट्ट म्हणून धरला नव्हता. हा पहिलाच, आणि नेमका हाच.

ती वाढली होती वर्कशॉपच्या गोष्टी ऐकत. लहानपणी जेवताना त्यांचा हात ओढून घ्यायची आणि बोटांवरचे बारीक चिरे बघायची.

"हे कशाने?"

"लोखंडाच्या किसाने. ब्लेडसारखा असतो तो."

"मग हातमोजे घाला ना."

"लेथवर हातमोजे चालत नाहीत. फिरत्या भागात अडकले तर हातच आत ओढला जातो. मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

जवळच्या विद्यापीठात कागद तपासणी गुरुवारी आणि शुक्रवारी होती. लेकीबरोबर जायचं म्हणून मास्तरांनी शुक्रवारची रजा टाकून ठेवली. ती गुरुवारीच एकटी जाऊन आली.

"शुक्रवारी फार गर्दी असते म्हणे," जेवायला बसताना ती म्हणाली.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "वर्कशॉपकडे आली होतीस?"

"नाही. खिडकीवर कागद दाखवले, शिक्का घेतला आणि परत फिरले. म्हटलं, तुम्ही कामात असाल."

"हं. कामातच होतो."

ती ताटाकडे बघत जेवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी लांबच्याच विद्यापीठात जाते."

आत्याने वाढता वाढता डाव थांबवला. "परवापर्यंत तर इथंच म्हणून अडून बसली होतीस."

"इथलं वाचनालय सहालाच बंद होतं. आणि बाबा म्हणतात ते बरोबर आहे. लोक बोलतात."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कित्येक दिवसांनी त्यांनी भाजी परत मागून घेतली, वर चांगली झालीय असंही म्हणाले.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" आत्या म्हणाली.

महिन्याभराने ते तिला बसवर सोडायला गेले. बॅगा वर चढवून झाल्या.

"वर्कशॉपमध्ये जपून," मास्तर म्हणाले. "आणि लेथवर..."

"हातमोजे घालायचे नाहीत. पाठ आहे मला." ती हसली आणि तिने पिशवीतून एक पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुमच्यासाठी. बस सुटल्यावर उघडा."

बस वळणाआड गेली. मास्तर तिथल्याच बाकावर टेकले. पोर मार्गी लागली, आता कसलाच घोर नव्हता. कधी नव्हे ते त्यांना हलकं हलकं वाटत होतं. त्यांनी सावकाश पुडक्याची दोरी सोडली.

आत मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे होते. मास्तरांना हसू आलं. एवढं पाठ आहे म्हणाली, आणि आणले काय तर हातमोजेच. त्यांनी उजवा हातमोजा चढवून पाहिला. अगदी मापाचा होता. डावा चढवताना बोटांना आत घडी घातलेला कागद लागला.

अक्षर लेकीचं होतं. "बाबा, वर्कशॉप झाडताना हे घालत जा."