चौथी खाच

पेशीच्या अंगावर कोलॅजेनला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते दिसावं म्हणून प्रयोगशाळेतली ताई पेशींवर अँटिबॉडीचा थेंब घालायची. थेंब त्या प्रथिनाला चिकटला की हिरवा उजेड पडायचा. प्लेटला खाचा चार. तिघींत थेंब, चौथी मुद्दाम तशीच ठेवायची. ती काळी राहिली तरच बाकीच्या तिघींचं खरं मानायचं.

पण तीन आठवडे झाले, चौथीही हिरवीगार. ताईने कुपी बदलली, पाणी बदललं, दिवासुद्धा बदलला. सर म्हणाले, "उद्या शेवटचं. पुन्हा उजळली तर दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं समज."

दुसऱ्या दिवशीही ती उजळलीच. ताई डोक्याला हात लावून बसली. काचसामान विसळणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"कामाच्या धबडग्यात माणूस विसरतोच, ताई. मी सरांच्या कानावर काही घातलेलं नाही."

"काय विसरले मी, मामा?"

 

"चौथीत थेंब घालायचं. तुम्ही जेवायला गेलात की रोज मीच घालतो. असा पंक्तिप्रपंच बरा नव्हे."