आधी मोहाची

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमचं सगळं घर शेतात जेवतं. आदल्या दिवशी थोरल्या भाऊजींनी, श्रीमंतरावांनी, मला विचारलं, "तारामती, यंदा सणाची दारू तू सांग. शिंदी आणू का मोहाची?"

शिंदीनं भाऊजी झोपतात, मोहानं बोलतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

"दोन्ही आणा," मी म्हणाले, "पण प्यायची आधी मोहाची."

माझ्या नवऱ्यानं, उद्धवरावांनी, लातुरात तिरंगा लावला आणि ते चाकूरला लपले. ती जागा मला, सासूबाईंना आणि भाऊजींनाच माहीत होती. तरी निजामाचे पोलीस नेमके तिथंच गेले आणि त्यांना तुरुंगात टाकलं. चार महिन्यांच्या इंदूला बापानं अजून पाहिलेलं नाही.

शेतात भज्जी वाढता वाढता भाऊजींचा तिसरा पेला मीच भरला.

"उपकार मान, बाई. मी हाय म्हणून दोन घास खायलीस."

"मानते की. तुमच्यावाणी माणूस न्हाई."

"हाव! उद्धवचा ठिकाणा म्या सांगितला, म्हणून तर जमीन वाचली. न्हाई तर जप्तीच होती!"

सासूबाईंनी मांडीवरची इंदू माझ्याकडे दिली. शांतपणे उठून बैलाचं दावं सोडून आणलं.



"तारा, आता शिंदी पाज त्याला. झोपला म्हंजे बांधायला सोपा."