उस्तादांची लेक

पडद्याआड लेक कुलसुम गप्प राहिली, तसा निजाम उस्तादांचा जीव भांड्यात पडला. नवरीचं गप्प राहणं म्हणजेच होकार. तिचे चाचा निकाहाचे वकील म्हणून दोन साक्षीदार घेऊन तिची मर्जी विचारायला गेले होते. आता ते उठतील, बाहेर येऊन तसं सांगतील, की लागलाच निकाह!

नवरा कोण, तर राहात्याचे इस्माईल अत्तार. दोन बायका पुरून बसलेला, सासऱ्याहून थोरला गडी. पण उस्तादांच्या मकतबावर, म्हणजे पोरांच्या कुराणाच्या शाळेवर, नवे पत्रे घालून देतो म्हणाला होता. महायुद्धामुळे पत्रा मिळायचा वांधा, अन् मकतब दर पावसाळ्यात नुसतं गळायचं. उस्तादांनी शब्द देऊन टाकला. लेकीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आता गंमत बघा. याच उस्तादांनी जमातीशी भांडून मकतबात मुली बसवल्या होत्या. “इल्म शिकणं मर्द-औरत दोघांवर फर्ज हाय,” असं भर मशिदीत ठणकावलं होतं. नुसतं पाठ करून काय उपयोग, वागण्यात उतरलं पायजे, हे तर ते पोरांना रोज बजावायचे.

“चाचा, उठू नका,” पडद्याआडून आवाज आला. “मी गप्प राहिले तर तुमी त्याला व्हय धराल, म्हणून बोलते. मला हा निकाह कबूल न्हाई. पोरीच्या मर्जीबिगर निकाह होत न्हाई, हे अब्बांनीच शिकवलंय.”

मांडवात सगळ्यांनी ऐकलं. अत्तार ताडकन उठला अन् आपली माणसं घेऊन चालता झाला. सगळ्यांच्या नजरा उस्तादांकडे वळल्या.

“उस्ताद, याला म्हणतात शिकवणं!” मशिदीचा कारभार बघणारे म्हातारे मुतवल्ली म्हणाले. “दुसऱ्याची पोर असती तर मुकाट गेली असती.” मग सगळेच माशाल्ला, माशाल्ला करू लागले. उस्तादांनी मान डोलावली, पण कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. घरी येऊन त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. “खरं बोललीस, बेटा.” बापाचा मार खायच्या तयारीनं बसलेली पोर, ती हमसून हमसून रडली.

सकाळी मकतब भरलं. उस्तादांनी मुलांना आत बसवलं. कुराणाचे सिपारे छातीशी धरून मुली त्यांच्या मागोमाग निघाल्या, तर उस्ताद दारात आडवे उभे राहिले.

“तुमचं शिकून झालं,” ते म्हणाले. “घरी जा.”